माटुंगा: खायला जाताना पिशवी विसरू नका

पोटापुरता

मुंबईतल्या माटुंग्याच्या दाक्षिणात्य हॉटेलांवर आजवर ढिगानं लिहून झालंय, त्यामुळे 'कुठला डोसा भारी' हा वाद इथे नको. (घालणार आहात हे माहीत आहे. घाला.) माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्यातले बहुतेक जण मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरतात, रांगेत उभे राहतात, खातात, कॉफी पितात आणि आल्या पावली परत जातात. ज्या जिनसांमुळे त्या खाण्याला ती चव येते त्या समोरच्या फुटपाथवर मांडून ठेवलेल्या असतात, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग घ्या. १९४२ सालापासूनचं. स्टेशनला लागून मंडईची इमारत आणि तिच्या पहिल्या मजल्यावर केळीच्या पानावरचं जेवण. वर पानात जे वाढतात त्यातलं बरंचसं खालच्या आणि आजूबाजूच्या गाळ्यांवर दिसतं. कोहळा, मंगळुरी काकडी, सांबारात घालायचे ते बारके कांदे, केळफूल, केळीचा गाभा, फांद्यांसकट कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, आणि खुद्द केळीची पानंसुद्धा. जेवून जिना उतरलात की आपण आत्ता काय काय खाल्लं त्याची उजळणी होते. अशी सोय मुंबईत दुसरीकडे मी तरी पाहिलेली नाही. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा खाऊन बाहेर पडल्यावर साबुदाणा घ्यावासा कुणाला वाटतो?

हॉटेलांबद्दल थोडक्यात, कारण विचारणारच आहात. मी हॉटेल रसमवरून जोखतो. डोसा चांगला निघायला तवा आणि हात चांगला असला की भागतं, रसम मात्र आळस लगेच सांगतं. कॅफे मद्रासचा रसम वडा माझ्या मते पहिला. पण रविवारी सकाळी तिथे नाव लिहून ताटकळत बसण्याइतका पहिला नाही. राम आश्रय (१९३९) हे पहाटे उठणाऱ्यांचं ठिकाण, तिथल्या फळ्यावर त्या दिवशीचे शिऱ्याचे प्रकार बघून घ्यायचे. उशिरा गेलात तर गर्दीत तुमची कॉफी तुमच्याच कोपरानं सांडते. शारदा भवनात डोसा सामान्य असतो असं माझं मत, पण बसायला जागा मिळते आणि कुणी उठवत नाही. वय झालं की या गोष्टीला गुण द्यावे लागतात.

आता पिशवीत काय घालायचं. कॉफी डोळ्यांसमोर दळून घ्यायची. कच्च्या तिळाचं दाक्षिणात्य पद्धतीचं तेल घ्यायचं, आपल्या घाण्यावरच्या तेलापेक्षा ते वेगळं लागतं, कारण तीळ गाळताना त्यात ताडगूळ घातलेला असतो. इडलीवरच्या पुडीत तेच घालायचं, शेंगदाणा तेल घालून उगाच विटंबना करू नये. इडलीचा तांदूळ, अख्खा सोललेला उडीद, ब्याडगी मिरची, आणि खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स. वेफर्स घरी पोचेपर्यंत टिकत नाहीत, तेव्हा जास्त घ्या.

तुम्ही काय आणता, कुठून आणता, आणि घरी आणून त्याचं काय करता ते लिहा.

सदाशिवपेठी

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). बाकी मुंबईकरांना सांबार म्हणून जो गोड काढा पाजतात त्याची कसोटी का नाही घेत?

तात्या_डोंबोली

जळवू नका हो सकाळी सकाळी. इकडे हापिसच्या कॅन्टीनमध्ये इडली टाकली तर टप्पा खाईल अशी आहे.

रुइयावाली

अगदी मनातला धागा! माझी कॉलेजची सगळी वर्षं या भागात गेली. आमच्या वेळी पैसे जेमतेम, त्यामुळे आमचं माटुंगा म्हणजे डीपीज आणि मणीज ही स्वस्तातली हॉटेलं. सांबार मागू तितकं मिळायचं आणि आम्ही ते मागून मागून वाढप्याला जेरीस आणायचो. किंग्ज सर्कलच्या हॉटेलांत कुणाचे तरी आईवडील आले तरच जायचो. मंडईत तर कधी पाऊलही टाकलं नाही, कॉलेजच्या पोरींना कोहळा कशाला लागतोय!

संसार थाटल्यावर मात्र माझं उलटं झालंय. खायला म्हणून जात नाही, बाजाराला जाते आणि जाता जाता खाते.

रसमबद्दल, आमच्या सासूबाईंच्या शेजारच्या मामींनी शिकवलेलं सांगते, कारण बहुतेक मराठी घरांत रसम म्हणजे पातळ आमटी होते. चिंचेचं पाणी, टोमॅटो, हळद, मीठ, हिंग हे आधी चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत उकळायचं. मग रसम पूड. मग शिजवलेल्या तूरडाळीचं वरचं पातळ पाणी. डाळ घोटून घातलीत की झालीच आमटी. यानंतर रसम उकळू द्यायचं नाही. कडेनं फेस धरायला लागला आणि वर चढला की गॅस बंद. वरून तुपात मोहरी, जिरं, लाल मिरची, कढीपत्ता. कोथिंबीर चिरून नाही, हातानं तोडून. मिरी जिरं पुडीत असलं तरी आयत्या वेळी थोडं कुटून घालायचं, सगळा जीव त्यात आहे.

रसम वडा करणार असाल तर वडे तळल्यावर आधी कोमट पाण्यात बुडवून काढा आणि मग रसमात टाका. थेट टाकले तर आतपर्यंत मुरायला फार वेळ लागतो आणि तोवर रसम आटून जातं.

मंगळुरी_मामा

सदाशिवपेठी, काढ्याचं उत्तर द्यायलाच हवं. मुंबईत आपण ज्याला सरसकट 'साउथ इंडियन' म्हणतो ते बहुतांशी उडुपी आणि दक्षिण कन्नडकडचं खाणं. तिकडे सांबारात गूळ असतो, बऱ्याचदा नारळही वाटून असतो, आणि मठातल्या स्वयंपाकाच्या वळणाचं असेल तर कांदा लसूण नसतो. तमिळ घरातलं सांबार आंबट आणि डाळीला दाट, त्यात गूळ असला तरी चिमूटभर. माटुंग्याची गंमत अशी की वस्ती मोठी तमिळांची, पण जुनी हॉटेलं काढणारे बरेचसे आमच्याकडचे. त्यामुळे तमिळ गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या आमचं सांबार खाऊन नाक मुरडत आलंय, आणि परतही येत आलंय.

आमच्याकडचे म्हणजे कोण, तर नायक, कामत, पै, शेणॉय ही गौड सारस्वत मंडळी आणि त्यांच्या जोडीला शेट्टी. गल्ल्यावर कोंकणीत बोलून बघा. मालवणी किंवा गोव्याकडची कोंकणी असली तरी चालते, समोरचा हसतो पण कळतं त्याला. जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा किंग्ज सर्कलचा गणपती पाच दिवस असतो, त्या दिवसांत पानावर प्रसादाचं जेवण मिळालं तर हॉटेलांची नावं काढणार नाही तुम्ही.

पोटापुरता यांनी मंगळुरी काकडीचा नुसता उल्लेख करून सोडून दिलं, म्हणून लिहितो. जून, पिवळसर, हिरवे पट्टे असलेली घ्या. फ्रिज लागत नाही. आमच्या आजोळी केळीच्या सोपाटानं बांधून माळ्याला टांगून ठेवत, पावसाळाभर पुरायची. सालासकट मोठे तुकडे करून शिजवायचे. ओलं खोबरं, भाजलेली ब्याडगी मिरची आणि चिंच वाटून लावायची. वरून फोडणी ठेचलेल्या लसणीची, तीसुद्धा खोबरेल तेलात. बास. कांदा, टोमॅटो, गरम मसाला असलं काही घालू नका.

आणि त्याबरोबर दाळितोय. तूरडाळ मऊ शिजवून घोटायची, हिरवी मिरची, मीठ. फोडणीत मोहरी, सुकी मिरची, कढीपत्ता. हिंग मात्र पाण्यात कालवून शेवटी, आणि हात आखडता न घेता.

किचन_केमिस्ट

हिंगाचा विषय निघालाच आहे तर... आम्ही यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या कॉलेजवाले (आताची आयसीटी), हॉस्टेलही माटुंग्यात, त्यामुळे या धाग्यावर आमचा हक्क आहे.

बाजारात जो डबीतला हिंग मिळतो तो निव्वळ हिंग नसतो. हिंगाचा चीक बहुतांशी अफगाणिस्तान आणि इराणकडून येतो आणि इथे त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळून बांधणीचा हिंग करतात. तसं करणं भाग असतं, शुद्ध चीक आपल्याला झेपणार नाही. भारतात लागवडीचा प्रयत्न २०२० साली हिमाचलच्या लाहौलमध्ये पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेनं सुरू केला. झाड चीक देण्याजोगं व्हायला काही वर्षं जातात. तर खरेदी करताना डबीवरचा घटकांचा भाग वाचा. घरात कुणाला गव्हाचं वावडं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, सांबारातून गहू पोटात जातो हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. माटुंग्यात खड्याचा हिंगही मिळतो. तो गरम तेलात टाकून फुलवायचा, निवला की कुटायचा.

कॉफी. हॉटेलातली कॉफी दाट आणि काळी दिसते त्यात चिकोरीचा वाटा मोठा आहे. चिकोरी म्हणजे एका रोपाचं भाजलेलं मूळ, आपल्याकडे गुजरातेत पिकतं. त्यात कॅफिन नसतं. रंग, दाटपणा आणि कडवटपणा मात्र भरपूर. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे उरलेले ४९ टक्के तुम्ही कॉफीच्या भावानं मूळ विकत घेत असू शकता. दुकानात दळून घेताना ८०:२० सांगा. दुधातली कॉफी कडक आवडत असेल तर ७०:३०. दळण फिल्टरचं सांगायचं, नाहीतर दुकानदार एस्प्रेसो मशीनची बारीक पूड देईल आणि तुमच्या स्टीलच्या फिल्टरची भोकं बुजतील. पीबेरी म्हणून जो प्रकार असतो त्यात फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेली असते. स्वादात फार फरक पडतो असं मला वाटत नाही, भावात मात्र पडतो.

पोटापुरता

केमिस्ट, पीबेरीवरून भांडण होणार तुमचं आणि माझं. मी मायसोर कन्सर्न्समधून पीबेरी घेतो, अर्धी प्लँटेशन ए (कॉफीची एक प्रत) घालून. दुकानाच्या बाहेर उभं राहिलं तरी सदऱ्याला वास लागतो.

मामा, काकडीची पाककृती उद्याच. खोबरेल तेलात फोडणी म्हटल्यावर घरात मतदान घ्यावं लागेल.

आज्जीचा_डबा

खोबरेल तेलावरून आठवलं. तिथल्याच एका दुकानातून (नाव घेत नाही) 'लाकडी घाण्याचं' म्हणून तेल घेतलं, घरी उघडलं तर खवट. परत न्यायला गेले तर म्हणे, 'मॅडम, असली माल का वास ऐसाही होता है.' अहो, माझं माहेर वेंगुर्ल्याचं! मला खोबरेल तेलाचा वास शिकवतोय. तेव्हापासून सुटं तेल आधी तळहातावर घेऊन हुंगते, मगच पैसे काढते. आवडत नाही त्यांना. नसू दे.

नीर डोशाबद्दल कुणी काही बोलेना म्हणून सांगते. आमच्या घावनाचाच तो भाऊ. भिजवलेले तांदूळ वाटायचे, ताकासारखं पातळ करायचं, उडीद नाही, आंबवणं नाही. आमच्याकडे घावन बिडाच्या तव्यावर आणि नारळाच्या रसाबरोबर. इथे गूळखोबरं देतात. हॉटेलात रुमालासारखी घडी घालून आणतात त्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा श्रावणात आमच्याकडे यावं.

सदाशिवपेठी

मामा, पटलं. काढा शब्द मागे. (गूळ मागे नाही.)

बाकी तुमचा इडली तांदूळ म्हणजे नक्की काय? मी साधा जाडा तांदूळ वापरतो, इडली होते की.

किचन_केमिस्ट

होते. पण दुसऱ्या दिवशी डब्यात काय होते ते बघा. इडली तांदूळ हा बुटका, जाड, उकडा तांदूळ असतो. सालासकट उकडल्यामुळे दाण्यातला स्टार्च एकदा शिजलेला असतो, त्यामुळे इडली मऊ राहते आणि गार झाल्यावर दगड होत नाही. कोकणातला पेजेचा उकडा तांदूळही चालेल, फक्त लाल असेल तर रंग येईल.

प्रमाण: इडली तांदूळ चार वाट्या, अख्खा सोललेला उडीद एक वाटी, चमचाभर मेथ्या. उडीद यंदाचा हवा. जुना उडीद फुगत नाही आणि मग लोक इनो घालतात. उडीद वेगळा वाटायचा, थोडं थोडं गार पाणी शिंपडत, हलका होईपर्यंत. मिक्सरचं पातं तापतं आणि पीठही तापवतं, म्हणून दगडी ग्राइंडरवाल्यांची इडली जिंकते. माटुंग्यात ज्या दुकानांत इडलीपात्रं मिळतात तिथेच कोईमतुरी टेबलटॉप ग्राइंडरही असतात. महाग वाटेल आणि ओट्यावर जागा खाईल. आठवड्यातून एकदा तरी इडली डोसा होत असेल तरच घ्या, नाहीतर त्यावर कापड टाकून वर्तमानपत्रं ठेवली जातात. आमच्या शेजारी तेच झालंय.

सनीवेलकर

इनो आमच्यासाठी ठेवा थोडा, इथे जळजळ होतेय.

इथे अमेरिकेत, बे एरियात सामानाला तोटा नाही. इडली तांदूळ, तिळाचं तेल, पुडी, कॉफी, गोठवलेलं केळफूल आणि किसलेलं खोबरंसुद्धा. दक्षिण भारतीय हॉटेलं तर मुंबईपेक्षा जास्त प्रकार देतात असं मी म्हणेन, आणि अस्सल तमिळ सांबार मी पहिल्यांदा इथेच खाल्लं. (हे वाक्य माटुंग्यात मोठ्यानं म्हणणार नाही.) पण इथलं दुकान म्हणजे एकच मोठं गोदाम. सगळं एका छपराखाली, ट्रॉली ढकलत जा. 'ही काकडी कशी करायची' हे विचारायला मागे एखाद्या मामी उभ्या नसतात.

कढीपत्त्याची जुडी बॅगेत टाकून आणायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. ताजा कढीपत्ता अमेरिकेत आणता येत नाही. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्या झाडावर राहते, म्हणून बंदी आहे. विमानतळावर काढून घेतात. मुंबईला आलो की सासुरवाडीहून पहिली फेरी माटुंग्याला असते. पुडी आणि वेफर्स सीलबंद आणतो, ते सुखरूप पोचतात.

तात्या_डोंबोली

एक शंका. हे सगळं हल्ली दहा मिनिटांत घरपोच मिळतं ना? मग धक्के खात माटुंगा कशाला?

रुइयावाली

तात्या, मागवून बघितलंय. शेवग्याच्या शेंगा आल्या त्या इतक्या जून की चावून चावून जबडा दुखला, आणि बारके कांदे निम्मे कुजके. पैसे परत मिळाले, पण सांबार राहिलं ना. मंडईत शेंग हातात घेऊन जरा पिळून बघता येते. वाकली, पिळली गेली की कोवळी. केळफूल घेताना बाहेरची पाकळी उचलून आतली बघते, भाजीवाले आता सवयीनं स्वतःच उचलून दाखवतात.

शिवाय एक सांगू? तिथल्या भाजीवाल्यांना पाककृती येतात. त्यातले किती तरी उत्तरेकडचे, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ बायकांशी घासाघीस करून त्यांना अवियलच्या (नारळ घालून केलेल्या मिश्र भाजीच्या) भाज्या तोंडपाठ. 'अवियल का दो' म्हटलं की सुरण, कच्चं केळं, कोहळा, शेंगा, गाजर, फरसबी मापात तोलून एका पिशवीत. तुमचं अॅप देईल?

मंगळुरी_मामा

रुइयावाली, +१. आणि ही वस्ती मुळात आखून वसवलेली आहे, हेही विसरू नका. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाटीतल्या मुंबईबाहेर दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे रुंद रस्ते, झाडं, मोकळी मैदानं अशी रचना झाली. रेल्वे आणि कंपन्यांच्या हापिसांत कारकून, टंकलेखक म्हणून आलेली मद्रासकडची मंडळी इथे भाड्यानं राहिली. देवळं, शाळा, मग खाणावळी, मग सामानाची दुकानं. एकटा राहणारा कारकून खाणावळीत जेवायचा, लग्न झालं की बायको तेच सामान खालून आणून घरी रांधायची. हॉटेल आणि वाणी एकाच गल्लीत का, याचं उत्तर त्यात आहे.

आता त्या घरांतली पुढची पिढी मुलुंड, चेंबूर, ठाण्याला गेली. कच्छी गुजराती कुटुंबं बरीच आहेत. म्हणून मंडईत केळफुलाशेजारी उंधियोच्या भाज्याही दिसतात थंडीत. मला काही वाईट वाटत नाही. दुकान चालायला हवं.

सदाशिवपेठी

पुढच्या शनिवारी कामानिमित्त दादरला येतोय. सकाळचा वेळ आहे. पोटापुरता, क्रम सांगा. आधी खरेदी की आधी खाणं?

पोटापुरता

आधी खाणं. उपाशी पोटी त्या गल्लीत शिरलात तर वाट्टेल ते घ्याल. सातच्या आत राम आश्रय, मग कॉफी दळायला टाकायची (दुकानं उघडेपर्यंत जरा वेळ जातो, पाच बागांकडे चक्कर मारून या), मग मंडई. तेल आणि नारळ शेवटी, जड असतात. दुपारपर्यंत थांबत असाल तर रामा नायककडे पान. भूक असेल तरच अमर्याद घ्या, नाहीतर थाळी. सोमवारी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, रामा नायक आणि आणखी काही ठिकाणं सोमवारी बंद असतात.

आज्जीचा_डबा

कापडी पिशव्या दोन घ्या. केळीची पानं आडवी ठेवू नका, गुंडाळी उभी धरा, नाहीतर लोकलमध्ये फाटतात. घरी आल्यावर पान गॅसवर जरासं फिरवून शेकलं की मऊ पडतं, दुमडलं तरी चिरत नाही.

सदाशिवपेठी

धन्यवाद, आज्जी. गाडी घेऊन येतोय, पार्किंगचं काय?

रुइयावाली

नाही मिळणार. दादरला लावा आणि एक स्टेशन लोकलनं या.

सदाशिवपेठी

दादरला मिळेल?

मंगळुरी_मामा

तिथेही नाही. पुण्याहून रेल्वेनं या हो.